आमच्या गोधनाचा हिशेब कोणी मांडायचा?

(पशुपालक, गोशाळाचालक आणि ग्रामविकासाच्या कामात असलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



आजचा विषय प्रथमदर्शनी थोडा कोरडा वाटेल. जनावरांच्या पोटातून निघणारा मिथेन वायू आणि त्याची मोजदाद, असा तो विषय आहे. गोसेवेचे काम करणाऱ्यांसमोर हा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु गेली तीस-पस्तीस वर्षे जगाच्या व्यासपीठांवर ‘भारतातील गायीम्हशी पृथ्वी तापवितात’ असा जो आरोप सातत्याने केला जातो, त्याचा पाया आकड्यांचा आहे. भावनेने त्याचे उत्तर देता येत नाही. आकड्यांचे उत्तर आकड्यांनीच द्यावे लागते, आणि ते आकडे आपले स्वतःचे, आपल्या गोठ्यात मोजलेले आणि खरे असावे लागतात. आज मला मुख्यतः एवढेच सांगावयाचे आहे.

भाताच्या शेतातला धडा

आपल्या पशुधनाकडे वळण्यापूर्वी भाताची एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यातून पुढचे सगळे समजते. १९९० च्या सुमारास वॉशिंग्टन येथील वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात भारत, चीन आणि ब्राझील या देशांना जगातील मोठ्या प्रदूषकांच्या पंक्तीत बसविण्यात आले होते. भारताच्या माथी जो दोष मारला गेला, त्यात भातशेती आणि गुरेढोरे यांतून निघणाऱ्या मिथेनचा वाटा मोठा होता. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेच्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये या अहवालाचा सडेतोड प्रतिवाद केला. या प्रकाराला त्यांनी ‘पर्यावरणीय वसाहतवाद’ असे नाव दिले. गरीब शेतकऱ्याच्या पोटापाण्यासाठी होणारे उत्सर्जन आणि श्रीमंतांच्या चैनीसाठी होणारे उत्सर्जन एकाच तराजूत तोलता येणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद पुढे जगभर गाजला.

पण त्याच वर्षी घडलेली दुसरी घटना मला त्याहून महत्त्वाची वाटते. भारतातील भातखाचरांतून दरवर्षी सुमारे ३ कोटी ७८ लाख टन मिथेन निघतो, असा अंदाज अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने मांडला होता. परदेशातील काही प्रयोगशेतांवरील मोजमापे घेऊन त्यांना भारतातील भाताच्या क्षेत्राने गुणले, की हा आकडा तयार होत होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील डॉ. ए. पी. मित्रा यांनी देशातील अनेक संस्थांना एकत्र केले आणि १९९१ मध्ये प्रत्यक्ष भातखाचरांत पेट्या लावून वायू मोजला. उत्तर आले सुमारे ४० लाख टन. म्हणजे परक्यांनी लादलेला आकडा नऊपटींहून अधिक होता! आमची सगळी भातशेती काही बाराही महिने पाण्यात बुडालेली नसते. कितीतरी भात पावसावर पिकतो, मध्ये जमीन सुकते आणि मिथेन तयार होण्याची प्रक्रिया थांबते. ही साधी गोष्ट कोकणातला कोणताही शेतकरी सांगू शकला असता. मात्र शेतकऱ्याचे ज्ञान जेव्हा मोजमापाच्या भाषेत मांडले गेले, तेव्हाच जगाने ते मान्य केले. भाताच्या बाबतीत तो वाद तिथेच संपला. गुरांच्या बाबतीत तो अद्याप संपलेला नाही.

रवंथ आणि मिथेन

आता मूळ प्रक्रिया थोडक्यात पाहू. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या जठराच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव असतात. माणसाला जो कडबा, जे गवत, जो पेंढा पचूच शकत नाही, त्याचे रूपांतर हे सूक्ष्मजीव जनावराच्या उपयोगी पडणाऱ्या अन्नात करतात. या आंबविण्याच्या क्रियेत हायड्रोजन सुटतो, त्यापासून काही सूक्ष्मजीव मिथेन बनवितात आणि तो मुख्यतः ढेकरावाटे बाहेर पडतो. माणसाच्या दृष्टीने निरुपयोगी गवताचे दूध करण्याची जी अद्भुत शक्ती निसर्गाने गोमातेला दिली आहे, तिचाच हा अपरिहार्य भाग होय.

मिथेन हा तापमान वाढविणारा प्रभावी वायू आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका धरला जातो. मात्र तो हवेत सुमारे बारा वर्षेच टिकतो. कोळसा किंवा पेट्रोल जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके साचत राहतो. जनावराच्या मिथेनमधील कार्बन हा त्याने खाल्लेल्या चाऱ्यातून, म्हणजे हवेतूनच आलेला असतो. म्हणून गुरांची संख्या स्थिर असेल, तर त्यांच्या मिथेनमुळे तापमानात पडणारी नवी भर अल्प असते. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांची तुलना केली, तर भारतातील गायबैलांची संख्या एक टक्क्याहूनही कमी वाढली आणि म्हशींची एक टक्क्याच्या आसपास. कार्बनच्या सरसकट हिशेबात हा भेद पुसला जातो.

आकडा तयार कसा होतो?

भारतात २०१९ च्या पशुगणनेनुसार १९ कोटी २५ लाख गायबैल आणि सुमारे ११ कोटी म्हशी-रेडे आहेत. एवढ्या प्रत्येक जनावराच्या तोंडाला यंत्र लावता येत नाही. म्हणून एक सरासरी ठरविली जाते : एक जनावर वर्षाला किती किलो मिथेन सोडते? याला उत्सर्जनांक म्हणू. जनावरांची संख्या गुणिले उत्सर्जनांक, झाला देशाचा आकडा. गुणाकार सोपा आहे. प्रश्न असा, की हा उत्सर्जनांक आला कोठून?

संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालील आयपीसीसी या मंडळाने त्यासाठी तीन पायऱ्या ठरविल्या आहेत. ज्या देशाकडे स्वतःची माहिती नाही, त्याने मंडळाने दिलेला तयार आकडा वापरावा, ही पहिली पायरी. जनावराचे वजन, वय, दूध, काम आणि चाऱ्याची पचनीयता यांवरून स्वतः हिशेब करावा, ही दुसरी. प्रत्यक्ष मोजमापांवर आधारलेली स्वतःची सविस्तर पद्धत उभारावी, ही तिसरी. पहिल्या पायरीवरचा आकडा तीस ते पन्नास टक्क्यांनी चुकू शकतो, हे या मंडळाच्या मार्गदर्शिकेतच लिहून ठेवलेले आहे. दुसऱ्या पायरीवर ही चूक वीस टक्क्यांच्या आसपास येते. जगातील बहुसंख्य विकसनशील देश अजूनही पहिल्या पायरीवर उभे आहेत. ज्यांच्या दारात सर्वांत जास्त जनावरे, त्यांच्याजवळ सर्वांत कमी मोजमापे, अशी ही विसंगती आहे.

तयार आकड्याचा प्रवास पाहण्यासारखा आहे. १९९६ च्या मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडातील दुभत्या गायीसाठी वर्षाला ४६ किलो मिथेन धरला होता. २००६ मध्ये तो ५८ किलो झाला आणि २०१९ च्या सुधारणेत सत्तरच्याही पुढे गेला. बैल, कालवडी, वासरे अशा इतर जनावरांचा आकडा २५ वरून २७ आणि नंतर चाळीसच्या पुढे गेला. यात कोणाचा कट आहे असे मी म्हणणार नाही. दुधाची सरासरी वाढली, जनावराचे वजन वाढले असे गृहीत धरले, की आकडा वाढणारच. परंतु माणदेशातील खिल्लार, लातूरकडील देवणी, नांदेडची लाल कंधारी, नाशिक-नगरच्या डोंगरातली डांगी, विदर्भातील गवळाऊ आणि पंजाबातील भरघोस दुधाची संकरित गाय या सर्वांना एकच माप लावणे, हे शास्त्राला धरून कसे होईल?

याचे उत्तर भारतीय शास्त्रज्ञांनी दिलेले आहे. भारताने हवामानविषयक आपला राष्ट्रीय अहवाल तयार करताना देशातील प्रयोगांवर आधारलेले उत्सर्जनांक वापरले. त्यानुसार दुभत्या देशी गायीचा आकडा २८ किलो, संकरित गायीचा ४३ किलो आणि दुभत्या म्हशीचा ५० किलो येतो. एक वर्षाच्या आतील देशी वासराचा आकडा अवघा ९ किलो आहे. देशी गायीच्या बाबतीत परका आकडा ५८ आणि आपला २८. एक कोटी गायींमागे हा फरक वर्षाला ३ लाख टन मिथेनचा होतो, कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत ८४ लाख टनांचा. जे उत्सर्जन झालेच नाही, ते आपल्या नावे चढविले जाते.

सारे काही चाऱ्यावर

हा फरक येतो कशामुळे, हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. जनावर जेवढा कोरडा चारा खाते, त्यातील एकूण ऊर्जेचा साधारण साडेसहा टक्के भाग मिथेनच्या रूपाने वाया जातो, असे धरले जाते. लहान चणीच्या गायीने दिवसाला ४ किलो कोरडा आहार घेतला, तर वर्षाला सुमारे ३१ किलो मिथेन निघतो. ६ किलो घेतला तर सुमारे ४७ किलो आणि १२ किलो घेतला तर ९४ किलो. म्हणजे जनावराचे वजन आणि त्याचा आहार यांचा अंदाज चुकला, की सगळाच हिशेब कोलमडतो.

शिवाय ‘साडेसहा टक्के’ हाही सर्वत्र सारखा नसतो. निकृष्ट पेंढ्यावर तो वाढतो. हिरवा चारा, पेंड आणि भरड यांचा मेळ बसला की कमी होतो. आपल्याकडे आहार बाराही महिने एकसारखा असतो काय? पावसाळ्यात रानातले हिरवे गवत, सुगीनंतर कडबा, पश्चिम महाराष्ट्रात गळिताच्या हंगामात उसाचे वाडे, कोकणात भाताचा पेंढा आणि दुष्काळ पडला की छावणीतला मिळेल तो चारा. युरोपातील बंदिस्त गोठ्यात ठरलेल्या वजनाचे ठरलेले खाद्य दिले जाते. त्या पद्धतीतून बसविलेली समीकरणे बांधावर चरणाऱ्या गायीला जशीच्या तशी लागू पडणार नाहीत.

मग मोजायचे कसे? जनावराला बंदिस्त कक्षात ठेवून त्याच्या श्वासातील वायू मोजणे ही सर्वांत काटेकोर पद्धत. पण ती खर्चिक आहे आणि कक्षातली गाय मोकळ्या गायीसारखी खात नाही. दुसरी पद्धत अमेरिकेत १९९४ मध्ये पुढे आली. सल्फर हेक्साफ्लोराइड हा वायू अतिशय मंद गतीने सोडणारी छोटी नळी जनावराच्या जठरात ठेवतात, नाकाजवळची हवा गळ्यातील पोकळ जोखडात जमा करतात आणि दोन्ही वायूंच्या प्रमाणावरून मिथेन काढतात. यात गाय नेहमीप्रमाणे चरू शकते, हा मोठा लाभ. बंगळूरूची राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्था, कर्नालची राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्था आणि राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ यांनी अशा पद्धतींनी आपल्याकडे काम केले आहे. तज्ज्ञ आहेत, यंत्रेही आहेत. उणीव आहे ती मोजमापांच्या संख्येची आणि सातत्याची. आपल्या राष्ट्रीय आकड्यातच पाहा : दुभत्या म्हशीचा आकडा ५०, पण त्यात अधिकउणे १७ किलोंची अनिश्चितता. म्हणजे खरा आकडा ३३ असू शकतो, तसा ६७ ही असू शकतो. हरियाणातील मुऱ्हा आणि आपली पंढरपुरी यांत जो फरक आहे, तो या अनिश्चिततेत दडलेला आहे. जगात सर्वाधिक म्हशी भारतात आहेत. म्हशीचे शास्त्र भारताने नाही करायचे तर कोणी करायचे?

केनियाचे उदाहरण

या बाबतीत केनियासारख्या देशाने उचललेली पावले अभ्यासण्यासारखी आहेत. नैरोबी येथे आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेची प्रयोगशाळा आहे. आफ्रिकन जनावरांसाठी श्वसनकक्ष तेथे उभारण्यात आले. त्याचबरोबर शास्त्रज्ञ पश्चिम केनियातील लहान शेतकऱ्यांच्या दारी गेले. ऋतूऋतूंत त्यांनी जनावरांची वजने घेतली, दूध मोजले, ती काय खातात आणि किती चालतात याची नोंद केली. या कामातून दिसले, की एकाच देशात, एकाच जिल्ह्यातही, डोंगरावरील आणि सखल भागातील जनावरांचे आकडे वेगळे येतात आणि तयार आकड्याशी ते जुळत नाहीत. पुढे केनियाने आपल्या दुभत्या गायींचा राष्ट्रीय हिशेब दुसऱ्या पायरीवर नेला. आपल्यापेक्षा कितीतरी लहान आणि साधनांनी दुबळा देश हे करू शकतो, हे लक्षात ठेवले पाहिजे.

सोयीचा आकडा नको, खरा हवा

येथे एक स्पष्ट गोष्ट बोलली पाहिजे. स्वतःचे मोजमाप म्हणजे स्वतःला सोयीचे मोजमाप नव्हे. आपला आकडा लहान आला म्हणून तो खरा आणि मोठा आला म्हणून परकीयांचे कारस्थान, अशी वृत्ती ठेवली तर आपल्या शब्दाला किंमत राहणार नाही. डॉ. मित्रांचा आकडा जगाने मानला, कारण त्यामागची पद्धत कोणालाही तपासता येत होती.

आणि खरे मोजले की काही कटू गोष्टीही समोर येतात. दरडोई, म्हणजे प्रत्येक जनावरामागे, आपली गाय अमेरिकन गायीच्या एक चतुर्थांशाहून कमी मिथेन सोडते. तिकडच्या दुभत्या गायीचा आकडा वर्षाला १२० किलोंहून अधिक आहे. परंतु तीच तुलना दर लिटर दुधामागे केली, तर चित्र पालटते. दिवसाला दोन लिटर या हिशेबाने वर्षाला ६०० लिटर दूध देणारी देशी गाय एका लिटरमागे सुमारे ४७ ग्रॅम मिथेन सोडते. वर्षाला २,४०० लिटर देणारी संकरित गाय १८ ग्रॅम. अमेरिकेतील गाय वर्षाला दहा हजार किलोंहून अधिक दूध देते, तिचा आकडा त्याहूनही कमी येतो. हा आकडा तोंडावर फेकला गेला, की आपले वक्ते गडबडतात.

याचे उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग असा, की आपली गाय केवळ दुधाचे यंत्र नाही. ती बैल देते, शेण देते, खत देते. तिच्या शेणाचा हिशेबही तिच्या बाजूने आहे. २००७ सालच्या राष्ट्रीय हिशेबात भारतातील जनावरांच्या पोटातून निघालेला मिथेन १ कोटी १ लाख टन होता आणि शेणातून निघालेला अवघा १ लाख २० हजार टन, कारण आपले शेण उकिरड्यात, उन्हात, गोवऱ्यांत वाळते. अमेरिकेत पातळ शेणाची मोठमोठी तळी करून ठेवतात. तेथे पशुधनाच्या एकूण मिथेनपैकी सुमारे पाव हिस्सा अशा साठविलेल्या शेणातून येतो. सारे ओझे दुधाच्या एका लिटरवर टाकणारी पद्धत बैलाची ओढ आणि खताचा कस शून्य धरते. ती बदलण्याचा आग्रह आपण धरलाच पाहिजे. पण त्यासाठी बैल वर्षात किती दिवस औताला असतो, किती शेण शेतात जाते आणि किती चुलीत, याची नोंद आपल्याजवळ हवी. ती आज फारच तुटपुंजी आहे. ट्रॅक्टर आल्यावर कितीतरी गावांत बैल उरलेच नाहीत, हेही त्या नोंदीत प्रामाणिकपणे यावे लागेल.

उत्तराचा दुसरा भाग आपल्या स्वतःसाठी आहे. ४७ ग्रॅमच्या आकड्यात गायीच्या जातीचा दोष थोडा, तिच्या उपासमारीचा फार मोठा आहे. अर्धपोटी ठेवलेली गाय खाते ते जगण्यापुरते. दुधाला काही उरत नाही, ढेकर मात्र येतच राहतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने संतुलित आहाराचा जो कार्यक्रम राबविला, त्यात स्थानिक चाऱ्याचाच नीट मेळ घालून दूध वाढले, खर्च घटला आणि मिथेन बारा ते पंधरा टक्क्यांनी कमी झाला. बंगळूरूच्या संस्थेने २०२१ मध्ये ‘हरित धारा’ नावाचे खाद्यपूरक पुढे आणले, त्यातून १७ ते २० टक्के घट दिसून आली. आपल्या परंपरेत दोहन आणि शोषण यांत भेद केला आहे. दोहनाची पहिली अट गायीला पोटभर चारा ही आहे. मिथेनचे मोजमाप आपल्याला पुन्हा त्याच धर्माकडे आणून सोडते.

आकड्यांमागे काय पणाला लागले आहे?

आपल्यापैकी कोणी म्हणेल, की हे कागदी वाद आहेत, त्यांनी गोठ्यात काय फरक पडतो? फरक पडू लागला आहे. २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०३० पर्यंत मिथेन तीस टक्के घटविण्याची जागतिक प्रतिज्ञा पुढे आली, तेव्हा भारताने तीवर स्वाक्षरी केली नाही. आपले पशुधन कोट्यवधी लहान कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन आहे, ही त्यामागची भूमिका होती आणि ती रास्त होती. डेन्मार्कने २०२४ मध्ये पशुधनाच्या उत्सर्जनावर २०३० पासून कर लावण्याचे ठरविले आहे. आज तो कर त्यांच्या देशापुरता आहे. उद्या दूधभुकटीच्या आणि तुपाच्या व्यापारात दर किलोमागे किती उत्सर्जन, असा प्रश्न विचारला जाणार नाही, याची खात्री कोण देईल?

पॅरिस करारानुसार आता सर्वच देशांना दर दोन वर्षांनी आपल्या उत्सर्जनाचा पारदर्शक हिशेब द्यावयाचा आहे. भारताने डिसेंबर २०२४ मध्ये दिलेल्या अहवालानुसार २०२० साली देशाचे एकूण उत्सर्जन सुमारे २९६ कोटी टन होते आणि त्यात शेती व पशुधनाचा वाटा चौदा टक्क्यांहून थोडा कमी होता. शेतीच्या वाट्यात सर्वांत मोठा भाग जनावरांच्या मिथेनचा असतो, तो वीस कोटी टनांच्या घरातला आहे. त्यात तीस टक्क्यांची चूक म्हणजे सहा कोटी टनांचा फरक. शिवाय, आहार सुधारून आपण खरोखर घट केली, तरी तयार आकड्यांच्या पद्धतीत ती दिसणारच नाही. तेथे उत्सर्जन कमी दाखविण्याचा एकच मार्ग उरतो : जनावरांची संख्या कमी करणे! गोधनाचे रक्षण करू इच्छिणाऱ्यांनी या वाक्यावर विचार करावा.

आपण काय करावे?

मोजमापाची परंपरा आपल्याला नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गोऽध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. कळपातील प्रत्येक जनावराची खूण, रंग, शिंगांचा प्रकार यांची नोंद कशी ठेवावी, दुधातून तूप किती निघावे, बैलाला पेंड किती घालावी, हे सारे त्यात बारकाईने दिले आहे. गायीला माता मानणाऱ्या समाजाने तिची नोंदवहीही काटेकोर ठेवली होती. मधल्या काळात आरती राहिली आणि वही हरवली.

ती वही पुन्हा उघडण्याची साधने आज उपलब्ध आहेत. कानात बारा अंकी बिल्ला लावून कोट्यवधी जनावरांची नोंद ‘भारत पशुधन’ या प्रणालीत झाली आहे. एकविसावी पशुगणना २५ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाली. तिच्यात जातवार नोंद आहे आणि भटक्या पशुपालकांचीही प्रथमच दखल घेण्यात आली आहे. जात, वय, लिंग आणि वेत यांची खरी नोंद झाली, तर दुसऱ्या पायरीचा अर्धा हिशेब तेथेच मिळतो. परंतु बिल्ला लावणारा आला की ‘लिहा काहीतरी’ म्हणून मोकळे होणारे पशुपालक आपण सर्वांनी पाहिले आहेत. वासराची नोंद नाही, विकलेले जनावर कागदावर तसेच, दुधाचा आकडा अंदाजाने. पायाच असा असेल, तर त्यावर दिल्लीतील शास्त्रज्ञ कोणती इमारत उभारणार?

म्हणून माझी तीन मागणी आहेत, आणि त्या शासनाकडे नसून आपल्याकडे आहेत.

पहिली, गोशाळांकडे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून घोषित केले आणि गोशाळांतील देशी गायींसाठी दररोज पन्नास रुपये अनुदानाची योजना आणली. जे अनुदान आपण घेतो, त्याच्या मोबदल्यात समाजाला माहिती दिली पाहिजे. गोशाळेत जनावरे वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी असतात, चारा तोलून येतो. मोजमापासाठी याहून चांगली जागा नाही. प्रत्येक गोशाळेने दर महिन्याला छातीचा घेर फितीने मोजून वजन काढावे आणि कोणत्या ऋतूत कोणता चारा किती घातला, हे लिहावे. म्हातारी, भाकड जनावरेही त्या वहीत यावीत. ती लपविण्याचे कारण नाही.

दुसरी मागणी, दूध संस्थांत काम करणाऱ्यांकडे. संकलन केंद्रावर रोज दूध मोजले जाते, फॅट काढली जाते. तो आकडा जनावराच्या बिल्ल्याशी जोडला गेला, तर महाराष्ट्रातील दुभत्या जनावरांचे जे चित्र उभे राहील, ते कोणत्याही परकीय संस्थेजवळ नसेल.

तिसरी, आपल्या शिकलेल्या मुलामुलींकडे. कृषी आणि पशुवैद्यक महाविद्यालयांत जाणारे आपले विद्यार्थी नोकरीच्या परीक्षांत गुंततात. त्यांतील काहींनी तरी पंढरपुरी म्हशीचा, खिल्लार बैलाचा, डांगी गायीचा उत्सर्जनांक काढण्याचे काम आयुष्याचे व्रत म्हणून स्वीकारावे. दोनशेहून अधिक देशी पशुजातींची नोंद असलेल्या देशात त्यांतील बहुतेकींचे असे मोजमाप अद्याप झालेले नाही. हे संशोधन प्रसिद्धी देणारे नाही, पैसा तर त्याहून नाही. पण १९९१ मध्ये भातखाचरात पेट्या घेऊन उभ्या राहिलेल्या शास्त्रज्ञांनाही टाळ्या मिळाल्या नव्हत्या. त्यांच्या मोजमापाने एका देशावरचा आरोप पुसला गेला.

बंधू-भगिनींनो, वसुबारसेला आपण सवत्स धेनूची पूजा करतो. यंदाच्या वसुबारसेला पूजेच्या ताटाशेजारी एक फीत आणि एक वही ठेवावी, अशी माझी विनंती आहे. गाय पूजनीय आहेच. तिची बाजू जगापुढे मांडण्याइतकी माहितीही तिच्या लेकरांजवळ असली पाहिजे.

वंदे मातरम्‌!